काजळीवरची दवा

१२ जानेवारी १९५७

आज ड्रम आला. निळा, कमरेइतका उंच. ट्रकमधून उतरवताना माणसांचे हात सुटता सुटता राहिले.

सोबत नागपूरचा एजंट होता. डोक्याला तेल, पायात बूट. त्याचं म्हणणं, या दवेनं इंजिनाच्या पोटातली काजळी आपोआप सुटते. हेड उघडायला नको, खरवडायला नको. आमचे हे, ठेकेदारांचे मिस्त्री, ऐकत उभे होते, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे इंजिनं खरवडतात! एका ट्रकचं हेड उघडलं की दोन दिवस गेले. तेवढे दिवस ट्रक उभा, आणि ट्रक उभा की ठेकेदार दारात.

दादाजी ठेकेदारांनी सगळ्यांत वाईट ट्रक पुढे करायला सांगितला. एटापल्लीच्या चढावर जो अर्ध्यात दम टाकतो, आणि मग ड्रायव्हर उतरून चाकामागे दगड लावतो, तो. एजंटनं इंजिनाला रेस द्यायला लावली आणि कार्बोरेटरमधून दवा थोडी थोडी सोडली. आधी पांढरा धूर. मग काळा. असा काळा की आमच्या घरामागे दोरीवर वाळत घातलेलं माझं लुगडं पुन्हा धुवावं लागलं. शेडच्या मागेच घर — दुसरं काय होणार!

जेवणं होईस्तोवर इंजिन बंद ठेवलं. मग परत सुरू केलं तर नळीतून जळक्या कागदासारखे तुकडे उडाले. यांच्या हाताखालचा पोचू त्या धुरात उभा राहून टाळ्या वाजवत होता. आणि नंतर आवाज! मी या इंजिनांच्या आवाजावरच उठते, झोपते. ठोका गेला होता. खाकरून टाकल्यावर माणसाचा गळा मोकळा होतो तसा आवाज.

हे घरी आले ते हसतच. म्हणाले, "सुगंधा, खरवडाचं काम सरलं आता."

लग्न होऊन आलापल्लीला आल्यापासून यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. यांच्या हातून तिळगूळ घेतला, तोंडात टाकला तर फिनेलसारखी चव. राखेनं हात घासले, साबणानं घासले, लिंबू लावलं. वास जात नाही.

२३ जानेवारी

सगळ्या ट्रकांना दवा देऊन झाली. आता पाळी लावली आहे. रोज संध्याकाळी एक ट्रक शेडमध्ये घ्यायचा, दवा पाजायची, सकाळी धूर काढायचा. पिस्टन, व्हॉल्व वगैरे सुटे भाग दवेच्या टबात बुडवून ठेवायचे. सकाळी नुसत्या चिंधीनं पुसले की चांदीसारखे. यांनी एक पिस्टन मला दाखवायला घरी आणला. खरंच चमकत होता. यांच्या बोटांची सालं निघाली आहेत, तिकडे मात्र त्यांचं लक्ष नाही. म्हणतात, नवी कातडी येईल.

पाऊस लागला की रानातले रस्ते बंद. त्याच्या आत सागाचा सगळा माल डेपोत यायला पाहिजे. दादाजी ठेकेदारांची सगळी घाई त्यासाठी. आज आले होते. यांच्या पाठीवर हात ठेवून चांगलं बोलले. जाताना मात्र सांगून गेले की काम करताना शेडची दारं लावून घ्यायची. दुसऱ्या ठेकेदाराचे ड्रायव्हर नाक्यावर चहाला येतात, डोकावतात. ही दवा कुठली, कशी वापरायची, हे त्यांना इतक्यात कळू द्यायचं नाही.

शेडला चारी बाजूंनी टिनच टिन. खिडकी नाही. दारं लावली की दिवसा कंदील लागतो. मी म्हटलं, गुदमरणार नाही का? हे म्हणाले, हिवाळाच तर आहे.

२ फेब्रुवारी

नाक्यावरची गुणाबाई, चहावाल्याची बायको, आज मला बाजूला घेऊन म्हणाली की तुझा नवरा आणि तो पोचू दिवसाउजेडी पिऊन असतात. तिनं दोघांना शेडबाहेर येताना पाहिलं. एकमेकांच्या खांद्यावर हात, पाय वाकडे पडत होते, आणि हसत होते.

मला इतकी लाज वाटली. संध्याकाळी विचारलं. हे रागावले. पोचूच्या टोल्यात, त्या नाल्याकाठच्या वस्तीत, घरोघरी मोहाची असते, पण कामावर तो थेंब घेत नाही, आणि यांनी तर कधी घेतलीच नाही. मी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. दारू नव्हती. दवा होती. श्वासातूनच दवेचा वास येत होता!

म्हणाले, आत बराच वेळ राहिलं की डोकं हलकं होतं. बाहेर येऊन बसलं की उतरतं. मग कपाळ दुखतं, बस.

९ फेब्रुवारी

शेडच्या भिंतीला लागून खुराडं आहे. कोंबडी मेली. अंड्यांवर बसल्या बसल्या.

११ फेब्रुवारी

शेड झाडायला गेले होते. टिनाच्या पन्हाळीत गांधीलमाशांचं पोळं होतं, दरवर्षी असतं. खाली माशांचा सडा. केरसुणीनं गोळा केल्या तर सूपभर भरल्या. पाली नाहीत. कोपऱ्यातल्या मुंग्यांची रांगही नाही. असं स्वच्छ शेड मी कधी पाहिलं नव्हतं.

यांना सांगितलं. म्हणाले, बरंच झालं, गेल्या साली गांधील पोचूच्या डोळ्याला चावली होती.

२० फेब्रुवारी

पोचू कामावर आला नाही. दुपारी त्याची बायको सुकरी सांगायला आली. ओकाऱ्या होतात, अन्न जात नाही, डोळे पिवळे झाले. कावीळ. वैदूनं पाला दिला आहे. बसून पाणी प्यायली, मग टोल्याकडे निघून गेली. ती कधी जास्त बोलत नाही. आज जाताना वळून शेडकडे पाहत उभी राहिली. दार बंद होतं. आत इंजिन चालू होतं.

निवडणुकीच्या जीपगाड्याही आता दवा प्यायला येतात. दादाजींनी कबूल केलं आहे. यांना जेवायलाही वेळ नाही.

२४ फेब्रुवारी

आज टोल्यात गेले. नाल्याच्या काठानं खाली चालत जावं लागतं. सोबत तांदूळ आणि गूळ नेला.

पोचू अंगणात बाजेवर होता. उन्हात ठेवला होता, तरी थरथरत होता. तो काळाभोर माणूस हळदीसारखा झाला आहे. पोट फुगलेलं. माझ्याकडे पाहून उठायला लागला, मी नको म्हटलं. जवळ बसले तर वास आला. तोच. चार दिवस तो शेडमध्ये गेलेला नाही, नाल्यावर आंघोळ झाली, कपडे दुसरे. आणि वास तोच! त्याच्या आतून येत होता.

 इकडचं तिकडचं विचारलं. तोच म्हणाला, "बाई, लटारूभाऊले सांगजा. दार उघडं ठेव म्हना."

सुकरी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. तिची पोरं बाजेच्या खाली खेळत होती.

घरी येऊन यांना शब्दशः सांगितलं.  म्हणाले, उद्यापासून दाराची एक फळी उघडी ठेवतो.

१ मार्च

पोचू गेला. सकाळी.

२ मार्च

हे माती द्यायला गेले होते. त्यांच्या चालीप्रमाणे त्याचं पांघरूण, त्याची कुऱ्हाड सोबत ठेवली. सुकरीनं त्याचा कामाचा सदराही ठेवायला काढला होता. हे म्हणाले, तो नको ठेवू. काऊन, म्हणून तिनं विचारलं.  सदरा राहिलाच बाहेर.

कावीळ दरवर्षी कोणाला ना कोणाला होते, असं सगळे म्हणतात. होते खरी.

आल्यावर हे शेडमध्येच गेले. मला वाटलं, आज काम करणार नाहीत. थोड्या वेळानं इंजिनाला रेस दिल्याचा आवाज आला.

६ मार्च

भांडण झालं. इतकं मोठं पहिल्यांदाच.

मी म्हटलं, पोचूला त्या ड्रमानं खाल्लं. कोंबडी मेली, माशा मेल्या, माणूस मेला, आणखी काय व्हायचं राहिलं? हे म्हणाले, तू फार वाचतेस म्हणून तुझ्या डोक्यात असलं येतं. फिनेलचा वास दवाखान्यातही येतो. दवाच तर आहे ती. आणि बंद करून काय करू? पुन्हा खरवडत बसू? पोचू गेल्यावर आता एकटाच आहे मी. पावसाच्या आत माल निघाला नाही तर दोष कोणाला लागेल — मिस्त्रीला!

मी म्हटलं, दोष लागू दे.

तर म्हणाले, "तुले नाई समजत. मले या कामात पहिल्यांदा इज्जत भेटून राह्यली."

 खरंच आहे ते. सिरोंच्यापर्यंतचे लोक लटारू मिस्त्रीचं नाव विचारत येतात आता. कालपर्यंत नाव कोणाला ठाऊक होतं?

मी पान उलटून टाकते. उद्या लिहीन.

७ मार्च

जे काल लिहवलं नाही ते. हे काल सकाळी परसात गेले होते. मी मागून पाणी टाकायला गेले तर जमिनीवर लघवी काळ्या चहासारखी दिसली. यांना विचारलं नाही. यांनाही माहीत आहे. माती लोटली होती वरून.

१२ मार्च

यांना न सांगता दादाजी ठेकेदारांकडे गेले. डेपोवर होते, ओंडक्यांवर हातोड्याचे ठसे मारून घेत होते. मला वाटलं होतं हाकलतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. पोचूच्या घरी धान्य पाठवलं, हे मला तिथंच कळलं.

मग म्हणाले, "बाई, दारं उघडी ठेवा, माझं काई म्हनणं नाई. पन दवा बंद नाई करता येत. पावसाच्या आत रान खाली कराचं आहे."

वाईट माणूस नाही. तेच तर. वाईट असता तर ओरडले असते मी.

घरी आले तर शेडसमोर दुसरा ड्रम उतरत होता. पहिल्यासारखाच निळा. याला दोरांनी बांधून फळीवरून सोडलं. मी रस्त्यात उभी होते तर माणूस म्हणाला, सरका बाई, अंगावर येईल.

१६ मार्च

धुळवड. पोरांनी यांना बाहेर ओढून काढलं. गुलाल, पळसाचा रंग. किती दिवसांनी भर उन्हात उभे होते. हसत होते. मी ओसरीतून पाहत होते.

पिवळा रंग कोणी आणलाच नव्हता.

जवळ गेले. डोळ्यांचं बुबुळाभोवतीचं पांढरं — पिवळं धमक. यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. त्यांना कळलं. दोघंही घरात आलो.

१७ मार्च

आज भात गेला नाही. पेजही उलटली. उद्या मोटारीनं मूलला, माझ्या भावाकडे, तिथून चांद्याला. यांनी नाही म्हटलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

२० मार्च, चांदा

डॉक्टर वयानं लहान वाटले. पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. काम काय करता, विचारलं. हे आजारातही ताठ बसून सांगायला लागले — इंजिनात काजळी कशी धरते, दवा कशी सोडतात, धूर कसा निघतो. डॉक्टर ऐकता ऐकता पुढे झुकले आणि यांच्या सदऱ्याचा वास घेतला.

विचारलं, हे सगळं बंद जागेत? हे म्हणाले, फळी उघडी असते.

आणखी कोणी होतं का तिथे? मी सांगितलं, होता.

मला बाहेर नेऊन म्हणाले की यकृत सुजलं आहे. यावर तोडगा म्हणावं असं औषध नाही. आराम, साखरपाणी, आणि दैव. जगले तर त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही. "पुन्हा एकदा झालं, तर इथवर आणायचे कष्ट घेऊ नका," असं म्हणाले. रागानं नाही. समजावल्यासारखं.

२३ मार्च, चांदा

ग्लानीत इंजिनाबद्दल बोलतात. पोचूला हाका मारतात. कंदील धर म्हणतात.

२६ मार्च, चांदा

आज यांनी मला ओळखलं. मोसंबी मागितली. बाजारभर फिरले, मोसंबी मिळाली नाही, शेवटी संत्र्याचा रस दिला. पोटात राहिला!

१ एप्रिल, मूल

आजचा पाडवा भावाकडे. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आहे. अशक्तपणा फार. गुढी उभारताना काठी धरायला उठले, तर काठीलाच टेकून उभे राहिले.

भाऊ म्हणतो, इथंच राहा, धान गिरणीत इंजिन आहे, तिथं मिस्त्री लागतो. डिझेलचं एकच इंजिन, उघड्यावर. मी मनात हो म्हटलं. हे म्हणाले, बघू. ठेकेदारांना तोंड तर दाखवून येऊ द्या.

५ एप्रिल

आलापल्लीला परत. घराला कुलूप होतं तरी आत दवेचा वास. गोधड्यांना, पिठाच्या डब्याला. सगळं बाहेर काढून उन्हात घातलं.

शेडमध्ये इसरू नावाचा माणूस ठेवला आहे, देसाईगंजकडचा. तरुण आहे, नवंच लग्न झालं आहे. त्याला दवेचं माप कळत नाही. दोन ट्रक बिघडवले. हे ओसरीत बसून आवाज ऐकतात आणि मान हलवतात. जास्त टाकून राह्यला, म्हणतात. मी म्हटलं, टाकू दे.

७ एप्रिल

दुपारी डोळा लागला माझा. उठले तर बाज रिकामी.

शेडचं दार लावलेलं. ढकललं. आत कंदिलाच्या उजेडात हे बोनेटवर वाकलेले, हातात तांब्या, इसरूला दाखवत होते की दवा कशी सोडायची. तेवढंच दाखवायला आलो, म्हणाले. आवाजात तीच हलकी नशा. इसरू हसत होता. त्याचेही पाय ठरत नव्हते.

मी यांचा दंड धरून बाहेर काढलं. माझ्या हाताला काहीच वजन लागलं नाही. इतका हलका माणूस.

उद्या जाणार नाही म्हणाले. माझ्या गळ्याची शपथ घेतली. पण मला ते डोळे दिसले. हे जाणार. हात चालतात तोवर जाणार. आणि हे नाही गेले तर तो इसरू आहेच.

९ एप्रिल

केलं.

आज बाजाराचा दिवस. दुपारी नाक्यावर चिटपाखरू नव्हतं. यांना जेवायला वाढलं, ते झोपले. इसरू बाजारात गेला होता. मी शेड उघडलं. पहिला ड्रम कधीच रिकामा झालेला. दुसरा अर्ध्याच्या वर भरलेला. उभा ढकलला तर हलेना. पहार लावली, आडवा पाडला. आवाज झाला तेव्हा वाटलं सगळं गाव येईल. कोणी आलं नाही.

मग लोटत नेला. नाल्याकडे उतार आहे, एकदा निघाला तसा मलाच धरवेना. नाल्यात जाऊ द्यायचा नव्हता. टोल्यातल्या बाया तिथलंच पाणी भरतात, पोरं डोहात पोहतात. काठापासून वर, रस्त्यासाठी मुरूम काढला त्या खड्ड्यापाशी अडवला. अंगानं अडवला, मांडीला लागलं. बूच मोगरीनं ठोकून काढलं आणि खड्ड्यात ओतला.

मला वाटलं होतं डबकं साचेल, त्यावर माती लोटावी लागेल. पण खड्ड्याचा तळ वाळूचा निघाला. ओतलं तसं आत गेलं. वर ओलसुद्धा राहिली नाही फारशी. देवानंच सोय केली! तरी फावड्यानं वरून माती टाकली, दगड टाकले.

डोकं गरगरत होतं. पळसाच्या सावलीत बसून राहिले. पोचूची आठवण झाली. सुकरीला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार.

रिकामा ड्रम खड्ड्यापाशीच सोडून आले. लपवायचं नव्हतंच मला.

१० एप्रिल

सकाळी कळलं यांना. मी चुलीपाशी होते. आले आणि पाटा उचलून अंगणात भिरकावला. मला मारतील असं वाटलं. आयुष्यात कधी हात उचलला नाही, आज उचलला असता तर मी काही म्हटलं नसतं. पण तो एक पाटा उचलण्यातच दम गेला त्यांचा. खाली बसले. धापा टाकत माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली — तळवे भाजल्यासारखे लाल झाले आहेत, सालं सुटायला लागली आहेत. माझा हात ओढून घेतला. बराच वेळ धरून बसले. 

दुपारी दादाजी ठेकेदार आले. इसरू मागे मान खाली घालून उभा. कोणी केलं, विचारलं. मी पुढे होणार तेवढ्यात हे म्हणाले, "माझ्या हातून लोळला. मले पेलला नाई."

उभं राहायला भिंत धरावी लागते अशा माणसाच्या हातून ड्रम कसा लोळला! दादाजींनी माझ्याकडे पाहिलं. तळहात मी पदराखाली घेतले. त्यांना सगळं समजलं असावं.  शेवटी म्हणाले की नवा ड्रम आता पावसाच्या आधी येत नाही. हेडं उघडा, खरवडा. जमेल तेवढा माल काढू.

शेडची दारं आज सताड उघडी टाकली आहेत. दोन्ही.

११ एप्रिल

हे मोहाखाली बाज टाकून बसले आहेत. ट्रक सावलीत घेतला आहे, हेड उघडलं आहे. इसरू खरवडतो, हे नुसतं सांगतात — इथं नाही, तिथं. हळू, खरचटू देऊ नको. खर्र खर्र आवाज दिवसभर. आधी या आवाजानं माझं डोकं उठायचं. आज पोळ्या लाटता लाटता ऐकत होते.

दुपारी यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. वर वरण मागितलं. मूलच्या गिरणीचा विषय स्वतः काढला. पावसाळ्यात जाऊ म्हणाले.

उद्या सुकरीकडे जाऊन येईन म्हणते. फार दिवस झाले.

१२ एप्रिल

मी जायच्या आधी सुकरीच आली. पळसाच्या पानांत बांधलेले मासे घेऊन. पोचू गेल्यापासून आज पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू. खालच्या डोहात काल सकाळी मासे आपोआप वर आले, म्हणाली, पांढरी पोटं करून, टोपल्याच्या टोपल्या भरल्या. वरच्या अंगाला कोणीतरी मासे गुंगवायची साल टाकली असेल. सगळ्या टोल्यानं पोटभर खाल्ले, काल आणि आज सकाळी.

"पहिला वाटा तुमालेच आनत होती, बाई. पन पोरं थांबली नाई."

पुडा मी अजून सोडला नाही. तोच वास पानांबाहेर येतो आहे.